जंतनाशनाची तारीख शेळीच्या वेतावरून ठरावी

श्रावण-भाद्रपदात व्यालेली शेळी आठ-पंधरा दिवसांतच निस्तेज दिसू लागते. चरायला सोडली की कळपाच्या मागे रेंगाळते, केस राठ होतात, दूध आटते. घरातील बाई ते पाहते आणि ‘दोन करडे झाली, अंगातले सारे निघून गेले’ असे म्हणून तिला बाजरीची घुगरी, गूळ, मेथी देते. थोडे पैसे हाताशी असतील तर दुकानातून शक्तिवर्धक औषधाची बाटली येते. आणखी दोन आठवड्यांनी जबड्याखाली मऊ सूज दिसते आणि एके दिवशी शेळी उठत नाही. आईच्या पाठोपाठ महिन्याभराची करडेही हातची जातात. ‘बाळंतपण सोसले नाही’ एवढाच निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वर्षी हेच पुन्हा घडते.

अशा मृत्यूंपैकी अनेकांचे खरे कारण बाळंतपण नसून त्या काळात वाढलेले जंत हे असते. पशुगणना २०१९ नुसार देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आहेत. त्यांतील फार मोठा वाटा दोन-चार शेळ्यांवर संसाराचा किरकोळ खर्च भागवणाऱ्या अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांकडे आहे. अशा कुटुंबाची एक दुभती शेळी आणि दोन करडे गेली, तर वर्षाची शिल्लक जाते. हे नुकसान बहुतांशी टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी जंतनाशनाची सवय मात्र बदलावी लागेल. आज जंतनाशन दिनदर्शिकेप्रमाणे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, संपूर्ण कळपाला सरसकट केले जाते. यापुढे त्याचा केंद्रबिंदू शेळीचे वेत असायला हवा.

व्याल्यानंतरच जंत का वाढतात?

निरोगी प्रौढ शेळीच्या पोटातही थोडेफार जंत असतात. तिची प्रतिकारशक्ती त्यांना आवरून धरते. काही अळ्या तर पोटाच्या अस्तरात सुप्तावस्थेत पडून राहतात. गाभणपणाच्या शेवटच्या दोन आठवड्यांपासून ते व्याल्यानंतरच्या सहा ते आठ आठवड्यांपर्यंत ही पकड सैल होते. संप्रेरकांतील बदल हे याचे एक कारण. दुसरे कारण असे की गर्भाची अखेरची वाढ आणि दूधनिर्मिती यांसाठी शरीरातील प्रथिने प्राधान्याने खर्च होतात आणि प्रतिकारशक्तीच्या वाट्याला कमी येतात. सुप्त अळ्या जाग्या होतात, प्रौढ माद्या अधिक अंडी घालतात आणि लेंड्यांतील अंड्यांची संख्या झपाट्याने चढते. जुळी किंवा तिळी पाजणाऱ्या, भरपूर दूध देणाऱ्या आणि पहिलारू शेळ्यांमध्ये ही वाढ अधिक ठळक असते. जुळ्यांसाठी नावाजलेल्या आपल्या उस्मानाबादीसाठी किंवा पूर्व भारतातील ब्लॅक बेंगॉलसाठी ही बाब म्हणूनच अधिक महत्त्वाची ठरते.

या काळातील सर्वांत घातक जंत म्हणजे चौथ्या पोटात राहणारा, रक्त शोषणारा हिमॉन्कस. दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या मादीच्या अंगावर लाल आणि पांढरा पीळ दिसतो. लाल भाग रक्ताने भरलेल्या आतड्याचा, पांढरा गर्भाशयाचा. एक मादी दिवसाला पाच हजारांहून अधिक अंडी घालू शकते. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त शोषतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु पोटात हजार जंत असतील तर रोज ५० मिलिलिटर रक्त जाते. ३० किलो वजनाच्या शेळीच्या अंगात एकूण रक्त साधारण दोन लिटर असते. म्हणजे सहा आठवड्यांत ती जवळजवळ आपल्या अंगातील सर्व रक्ताइतके रक्त गमावते आणि त्याच वेळी दोन करडांना दूधही पाजते.

काळाचा मेळही तिच्या विरुद्ध जातो. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. फाल्गुन-चैत्रात गाभण राहिलेली शेळी श्रावण-भाद्रपदात विते. उष्ण व दमट हवेत लेंड्यांतील अंड्यापासून संसर्गक्षम अळी पाच-सात दिवसांत तयार होते आणि ओल्या गवताच्या बुडाशी चढून बसते. शेळीच्या पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांत तिचा प्रौढ, अंडी घालणारा जंत होतो. इकडे करडे दोन-तीन आठवड्यांची होताच गवताला तोंड लावू लागतात. म्हणजे आईने टाकलेल्या अंड्यांचे पीक कुरणात उभे राहते, नेमके तेव्हाच कोवळी, प्रतिकारशक्ती नसलेली करडे तेथे चरायला उतरतात. नुकतीच व्यालेली शेळी या अर्थाने स्वतः रोगी असते आणि आपल्या करडांच्या व संपूर्ण कळपाच्या संसर्गाचा उगमही असते.

अशक्तपणा आणि रक्तक्षय यांतील फरक

बाळंतपणाचा थकवा दिवसागणिक कमी होतो. जंतांचा रक्तक्षय दिवसागणिक वाढतो. हा फरक डोळ्यांनी दिसतो, मात्र तो पाहण्याची सवय लावावी लागते. शेळीला उजेडात उभी करून एका अंगठ्याने वरची पापणी बुबुळावर हलकेच दाबावी आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढावी. आतील पटल तांबडे किंवा गडद गुलाबी असेल तर चिंता नाही. फिकट गुलाबी असेल तर सावध व्हावे. पांढुरके असेल तर तो दिवस वाया घालवू नये. दक्षिण आफ्रिकेत डॉ. फाफा मालान यांच्या नावावरून ओळखला जाणारा ‘फामाचा’ तक्ता याच पाहणीसाठी तयार झाला. त्यात तांबड्यापासून पांढऱ्यापर्यंत पाच रंगपायऱ्या असतात. हा तक्ता प्रथम मेंढ्यांसाठी तयार झाला असला तरी शेळ्यांतही तो वापरला जातो. नुकत्याच व्यालेल्या शेळ्या आणि करडे यांच्या बाबतीत तिसरी पायरी दिसताच उपचाराचा निर्णय घेणे सुरक्षित ठरते. पाहणी पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखाली एकदा शिकून घ्यावी. आठवणीतल्या रंगावर विसंबण्यापेक्षा तक्ता डोळ्याशेजारी धरूनच तुलना करावी.

दुसरी खूण जबड्याखालची सूज. ती मऊ, थंड व न दुखणारी असते आणि बोटाने दाबल्यास खळगा राहतो. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी ती वाढलेली आणि सकाळी उतरलेली दिसते. घटसर्पातील सूज गरम व दुखरी असते, तिच्यासोबत तीव्र ताप असतो आणि जनावर काही तासांत गंभीर होते. हा फरक कार्यकर्त्याला ठाऊक असेल तर जंतांच्या सुजेवर प्रतिजैविकाची इंजेक्शने टोचण्यात मोलाचे दिवस जाणार नाहीत.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जंत म्हटले की हगवण आठवते. हिमॉन्कसच्या संसर्गात मात्र हगवण बहुधा नसतेच. लेंड्या अगदी चांगल्या बांधलेल्या दिसतात आणि म्हणूनच मालक निश्चिंत राहतो. उलट प्रत्येक रक्तक्षयही हिमॉन्कसचाच असतो असे नाही. कोकण आणि भंडारा-गोंदियाचा भातपट्टा, तसेच बंगाल, ओडिशा, झारखंड येथील पाणथळ भागांत गोगलगायींमार्फत पसरणारे यकृतातील चपटे कृमी हेच चित्र निर्माण करतात आणि त्यांच्यावर फेनबेंडाझोलसारखे नेहमीचे औषध उपयोगी पडत नाही. गोचीड, उवा आणि गोचीडतापही रक्त कमी करतात. गोचीडतापात शरीराचे तापमान चढलेले असते. म्हणून डोळ्यांची पाहणी ‘कोणाला तातडीने मदत हवी’ हे सांगते; ‘कोणते औषध’ हे ठरवण्यासाठी लेंड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी लागते.

करडांच्या हगवणीचा विचार वेगळा करावा लागतो. साधारण तीन आठवड्यांपासून चार-पाच महिन्यांपर्यंतच्या करडांत पातळ, कधी रक्तमिश्रित हगवण, कुंथणे आणि अंग सुकणे ही लक्षणे बहुधा कॉक्सिडियामुळे दिसतात. कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवी आहे. नेहमीची जंतनाशके त्याच्यावर चालत नाहीत. ओला, दाटीवाटीचा गोठा आणि लेंड्यांनी बरबटलेली गव्हाण हे त्याचे मूळ. अशा करडाला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जंतनाशक पाजणे म्हणजे उपचार लांबवणे होय.

दिनदर्शिका कोठे कमी पडते

मे-जूनमधील शिबिरात पाजलेल्या औषधाचा परिणाम ऑगस्टमध्ये विणाऱ्या शेळीपर्यंत टिकत नाही. बहुतेक जंतनाशके पोटातील त्या वेळचे जंत मारतात. पुढच्या आठवड्यात गवतातून येणाऱ्या अळ्यांना ती अडवत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरची दुसरी फेरी येईपर्यंत तिची करडे जगलेली तरी असतात किंवा मेलेली तरी. सर्वाधिक धोक्याचे आठ-दहा आठवडे दोन फेऱ्यांच्या मधल्या पोकळीत सापडतात. कळपातील शेळ्या वर्षभर वेगवेगळ्या वेळी वितात, तेथे कोणतीही एक तारीख सर्वांना लागू पडणे शक्यच नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. कळपातील बहुतेक जंत मोजक्या शेळ्यांच्या पोटात एकवटलेले असतात. उरलेल्या शेळ्यांना औषधाची फारशी गरज नसते. सर्वांना एकदम औषध दिल्यावर जे जंत वाचतात ते त्या औषधाला दाद न देणारेच असतात आणि पुढे कुरणात त्यांचीच अंडी पडतात. गरज नसलेल्या शेळ्या औषधाविना राहिल्या, तर त्यांच्या पोटातील औषधाला बळी पडणाऱ्या जंतांची अंडी कुरणात मिसळत राहतात आणि चिवट जंतांचे प्रमाण वाढायला वेळ लागतो. ही भीती काल्पनिक नाही. भारतात मेंढ्यांतील हिमॉन्कस थायाबेंडाझोलला दाद देत नसल्याची नोंद १९७६ मध्येच झाली होती. त्यानंतर त्याच गटातील फेनबेंडाझोल व अल्बेंडाझोल यांच्याबाबतही देशाच्या अनेक भागांतील कळपांत हाच अनुभव आला आहे.

औषध कोणाला, किती आणि कसे

गाभण शेळीची पाहणी विण्याच्या अपेक्षित तारखेच्या दोन आठवडे आधी, पुन्हा व्याल्यानंतर एक-दोन दिवसांत आणि पुढे आठ आठवडे दर आठवड्याला व्हावी. पापणी फिकी, जबड्याखाली सूज, शरीराचा उतरता बांधा किंवा कारणाशिवाय आटलेले दूध यांपैकी काही दिसल्यास त्या शेळीला औषध द्यावे. जुळी पाजणारी किंवा पहिलारू शेळी असेल तर निर्णयाला उशीर करू नये.

औषधाच्या मात्रेत दोन चुका नेहमी घडतात. पहिली, वजनाचा अंदाज. डोळ्यांनी केलेला अंदाज बहुधा कमी निघतो. त्यामुळे मात्रा अपुरी पडते, जंत अर्धवट मरतात आणि चिवट जंत टिकतात. ताणकाटा सहज मिळतो. निदान छातीच्या घेराची फीत तरी कार्यकर्त्याच्या पिशवीत असावी. दुसरी चूक, शेळीला मेंढीची मात्रा. शेळीचे शरीर अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. त्यामुळे फेनबेंडाझोलसारख्या औषधांची मात्रा मेंढीच्या दुप्पट, तर लेव्हामिसोलची सुमारे दीडपट लागते. तथापि लेव्हामिसोल आणि क्लोसँटेल यांची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे. लेव्हामिसोलच्या अतिमात्रेने विषबाधा होते, क्लोसँटेलच्या अतिमात्रेने अंधत्व येऊ शकते. म्हणून वाढीव मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. दूध किती दिवस घरात वापरायचे नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. अल्बेंडाझोल गाभणकाळाच्या पहिल्या महिन्यात गर्भाला अपायकारक ठरू शकते, याची जाणीव विक्रेत्यालाही असणे आवश्यक आहे.

औषध जिभेच्या मागच्या भागावर, सावकाश, मान फार वर न उचलता पाजावे. काही औषधांपूर्वी जनावर उपाशी ठेवण्याचा सल्ला दिला जातो. गाभणपणाच्या अखेरच्या आठवड्यांत आणि नुकत्याच व्यालेल्या शेळीत तो पाळू नये. उपासाने तिच्या शरीरातील ऊर्जेचा तोल बिघडून जीवावर बेतू शकते. औषध खरोखर लागू पडले का, हे पाहण्यासाठी औषध देताना आणि त्यानंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्यांतील अंडी मोजून घ्यावीत. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली असतील तर त्या कळपात ते औषध निकामी होत चालले आहे असे समजावे आणि केवळ बाटलीचे नाव नव्हे तर औषधाचा गट बदलावा. वेगवेगळ्या नावांच्या दोन बाटल्यांत एकाच गटाचे औषध असणे हे बाजारात नित्याचे आहे.

औषधाइतकेच महत्त्व आहाराला आहे. शेंगदाणा किंवा सरकी पेंड, तुरीचे भुसकट, शेवरी, हादगा, सुबाभळीचा पाला यांतून प्रथिने वाढवली, तर व्यालेल्या शेळीची जंतांशी झुंजण्याची ताकद वाढते आणि लेंड्यांतील अंडी कमी होतात. गरीब घरातील बाजरीची घुगरी ऊर्जा देते. प्रथिनांची उणीव ती भरून काढत नाही. बाभळीसारख्या टॅनिनयुक्त पाल्याचा जंतांवर काही प्रमाणात अनिष्ट परिणाम होतो, परंतु पांढऱ्या पापणीच्या शेळीला केवळ पाल्यावर ठेवणे हा अन्याय होईल. अळ्या गवताच्या जमिनीलगतच्या काही इंचांतच अधिक असतात. म्हणून पावसाळ्यात झुडपी चाऱ्यावर भर, दव ओसरल्यावर चरायला सोडणे आणि करडांसाठी आईच्या कुरणापासून वेगळा, कोरडा कोपरा या गोष्टी विनाखर्चाच्या असून हमखास उपयोगाच्या आहेत.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

सरसकट जंतनाशनाच्या बाजूने एक रास्त युक्तिवाद केला जातो. एका दिवसात एका गावाचे काम उरकते, नोंद सोपी राहते आणि कोणीही वगळले जात नाही. एका पशुवैद्यकाकडे अनेक गावे असताना प्रत्येक शेळीची दर आठवड्याला पापणी पाहणे त्याला शक्य नाही, हेही खरे. परंतु हे काम त्याने करावे अशी अपेक्षाच नाही. एका शेळीची पापणी पाहायला अर्धा मिनिट लागतो आणि तीन-चार शेळ्या सांभाळणारी बाई त्यांना रोज हाताळतेच. गावोगावच्या पशुसखींनी तिला ही पाहणी शिकवली, फिक्या पापणीची शेळी वेळेवर कळवली आणि पशुवैद्यकाने औषध व मात्रा ठरवली, तर कामाची विभागणी सुसह्य होते.

दुसरा आक्षेप सावधगिरीचा आहे: निवडक उपचारात एखादी शेळी हुकली तर? ती शक्यता आहे. म्हणूनच औषध न दिलेली शेळी म्हणजे न पाहिलेली शेळी नव्हे, हे तत्त्व काटेकोर पाळावे लागते. पावसाळ्यात इतर शेळ्यांचीही दर पंधरवड्याला पाहणी हवी. कळपातील बहुतेक शेळ्यांच्या पापण्या पांढुरक्या दिसत असतील तर ती वेळ निवडीची नाही. तेव्हा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सर्वांनाच औषध द्यावे आणि कुरणाचा प्रश्न तातडीने हाती घ्यावा.

नोंदवहीत एक रकाना

या बदलाला मोठा निधी लागत नाही. शिबिरांच्या नोंदवहीत आज मालकाचे नाव, शेळ्यांची संख्या आणि पाजलेल्या मात्रा असतात. त्यात विण्याची अपेक्षित तारीख आणि पापणीचा रंग हे दोन रकाने वाढवावेत. शेळी फळल्याची तारीख लिहून त्यात १५० दिवस मिळवले की पहिल्या पाहणीचा आठवडा आपोआप ठरतो. कृषी विज्ञान केंद्रांनी व पशुवैद्यकीय दवाखान्यांनी आपल्या प्रशिक्षणात पापणी पाहण्याचे प्रात्यक्षिक जूनमध्येच, म्हणजे श्रावणातील विण्यांपूर्वी, ठेवावे.

कार्यक्रमाच्या यशाची मोजणीही बदलावी लागेल. किती मात्रा पाजल्या, यावरून किती शेळ्या वाचल्या हे कळत नाही. त्या वर्षी जन्मलेल्या करडांपैकी तीन महिन्यांनी किती जिवंत होती आणि किती माता-शेळ्या पुढच्या वेतापर्यंत टिकल्या, हे दोन आकडे गावनिहाय लिहिले जाऊ लागले, तर ‘बाळंतपण सोसले नाही’ या निष्कर्षाआड दडलेले नुकसान प्रथमच कागदावर येईल. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने किमान एका गावात हे रकाने भरायला सुरुवात करावी.